कागद यांच्या हाती देऊ नकोस

पत्र: मी नगरची, वय 36, ख्रिस्ती, शाळेत शिक्षिका. जाऊबाई अलीकडे दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये जातात. त्या म्हणतात, बाईनं उपासनेत तोंड उघडू नये, बायबलात प्रेषित पौलानंच लिहिलंय. शाळेतली मैत्रीण म्हणते, हव्वेपासून बाईला दोषी धरणारा धर्म तू पाळतेसच कशी? दोघींपुढे मला रडू येतं. मिस्टर समजूतदार आहेत, वादात पडत नाहीत. शुक्रवारी घरी प्रार्थनासभा असते, मनन, म्हणजे वचनावरचं चिंतन, मी लिहून देते, हे वाचतात, मी चहाचं बघते. या दोघींना कसं समजावू?

उत्तर: अगं, दोघींचं राहू दे जरा. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चहापाशीच अडकले. मनन तुझं, वाचणार हे, आणि तू तेव्हा आत आधण ठेवून कप मोजत उभी! "आमेन" येतं ते तुझ्या वाक्यांना, तू ऐकतेस दाराआडून. इतक्या शुक्रवारांत एकदा तरी त्यांनी सांगायला हवं होतं, "हे हिनं लिहिलंय." त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक मला नको सांगूस.

जाऊबाईंनी दाखवलेलं वचन शास्त्रात आहे, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात. पण त्याच पत्राचा 11वा अध्याय त्यांच्यापुढे ठेव. स्त्रीनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं, असं तिथे पौल सांगतो. बाईनं बोलायचंच नव्हतं, तर हा नियम कुणासाठी? बायबलातच आहे, अपुल्लोसारख्या विद्वानाला प्रिस्किल्लेनं नवऱ्याच्या जोडीनं शिकवलं. आणि मैत्रिणीला सांग, प्रभू उठल्याची बातमी शिष्यांकडे घेऊन गेली ती मग्दालीया मरीया. हे तुला ठाऊक नाही असं थोडंच आहे? मननं लिहितेस तू! रडू येतं, कारण स्वतःचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं मांडायची तुला सवयच राहिलेली नाही.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी आधार दिला त्यांच्याशीच त्या पत्रांतून भांडल्या, आपला विवेक कुणाच्या हवाली केला नाही. पुढे दौंडजवळच्या केडगावला छापखाना काढून तिथल्या बायकांना छपाईचे खिळे जुळवायला शिकवलं आणि 1922 मध्ये जाईपर्यंत शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम स्वतः केलं. लिहून दिलं आणि वाचायला पुरुष उभा केला, असं त्यांनी केलं नाही.

येत्या शुक्रवारी कागद यांच्या हाती द्यायचा नाही. चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेव. गाणं संपलं की तूच उभी राहा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आवाज कापेल, कापू दे. जाऊबाईंना निरोप धाड, मैत्रिणीलाही बोलव. वाचून झाल्यावर कप घेऊन यांना फिरू दे.