एक्सपल्सचा क्लच मातीत नीट हाताशी यावा म्हणून काय बदलू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हीरोची एक्सपल्स २०० मोटरसायकल आहे, रविवारी माती-गोट्यांत नेता, तासाभरात डाव्या हाताला गोळा येतो, क्लच सोडला की गाडी हळू निघायच्या ऐवजी उडी मारते. तर हार्ड स्प्रिंगा आणि नवा प्लेट सेट मागवू का?

नका मागवू. निदान आज तरी नाही. मी नागपूरचा, गाडी हीच, आणि मी सगळं उलट्या क्रमानं करून बसलो आहे. आधी स्प्रिंगा, मग प्लेटी, आणि सगळ्यात शेवटी लिव्हरपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या क्लच वायरकडे पाहिलं. पैसे गेले ते गेलेच, वर लिव्हर असा दगड झाला की व्हरायटी चौकातल्या सिग्नलला उभं राहायची भीती वाटायची. गाडीचा यात काही दोष नव्हता. आधीच्या मालकानं ती हाणली होती आणि उरलेली कसर मी काढली.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा, हलका क्लच म्हणजे चांगला क्लच नव्हे. प्लेटी (स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबलेल्या, इंजिनाचा जोर चाकाकडे नेणाऱ्या चकत्या) धरायला लागतात तिथपासून पूर्ण धरतात तिथपर्यंत लिव्हर जेवढा सरकतो, तेवढीच जागा आपल्या कामाची. ती जागा बोटांना कळली पाहिजे आणि दर वेळी तिथंच सापडली पाहिजे. लिव्हर लोण्यासारखा मऊ असून ती जागा रोज सरकत असेल, तर नाल्याच्या चढावर गाडी बंद पडणारच.

आता वायर. उभं राहून चालवता यावं म्हणून मी हँडलखाली एक इंचाचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, टाकले होते, वायर मात्र जुनीच ठेवली. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की वायर ताणायची, लिव्हरचा प्ले (वायर ओढली जायच्या आधीची मोकळी हालचाल) संपायचा आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा व्हायचा. म्हणजे नेमक्या अवघड वळणावर क्लच घसरायचा, आणि मी समजत होतो प्लेटी गेल्या! तुम्ही इंजिन बंद ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि सोबत लिव्हरच्या टोकाचा प्ले बघत राहा. तो साधारण १० ते १५ मिमी असावा, आणि हँडल कुठेही असलं तरी तेवढाच राहावा.

मग वायर काढा. दोन्ही टोकं सोडवून ती उभी धरली की आतली तार स्वतःच्या वजनानं सुळकन खाली यायला हवी. माझी अर्ध्यात अडकली. हेडलाइटच्या मागं तिला जो बाक दिला होता, बरोबर तिथंच. प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तो वरच्या टोकाला बांधा, त्यात पातळ तेल ओता आणि वायर रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा. सकाळी खालच्या वाटीत काळंकुट्ट तेल जमलेलं दिसेल. तेल स्वच्छ पडेपर्यंत पुन्हा ओता. ग्रीस भरू नका, आपल्या उन्हाळ्याची धूळ त्यात बसून त्याची पॉलिश पेस्ट होते. टोकाजवळ एक जरी धागा तुटलेला दिसला तर नवी वायर घ्या, आणि रायझर असतील तर थोडी लांब बघूनच घ्या. बाक जितका मोठा आणि सैल, तितका लिव्हर हलका.

लिव्हरकडेही बघा. त्याच्या बोल्टचं भोक झिजून लांबट होतं, मग लिव्हर वरखाली डुलतो आणि बोटांना काही कळत नाही. थोडक्यातलं काम, पण कोणी करत नाही. शिवाय लिव्हरचं ब्रॅकेट, ज्याला दुकानात योक म्हणतात, ते हँडलवर थोडं आतल्या बाजूला सरकवा. इतकं की तुमची पहिली दोन बोटं लिव्हरच्या टोकाशी येतील. टोकाशी धरलं की जोर कमी लागतो, यात काही जादू नाही, विहिरीवरच्या मोटेइतकं जुनं गणित आहे. योकखाली नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे लावा आणि बोल्ट बेतानं आवळा. गाडी पडली की योक फिरतो, लिव्हर तुटत नाही.

तेलाबद्दल फार लिहीत नाही. डब्यावर जासो (तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमबी लिहिलेलं तेल स्कूटरसाठी असतं, आणि कारचं तेल तर मुळीच नको. आपल्या क्लचच्या प्लेटी इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, त्यामुळे निसरडं तेल टाकलं की त्या सुटतात.

एवढं करून माझा हात निम्म्यानं हलका झाला. झटका मात्र राहिला, म्हणून कव्हर उघडलं. (वॉरंटी चालू असेल तर इथं थांबा. आणि कव्हरचं नवं पॅकिंग आणल्याशिवाय उघडू नका, जुनं फाटतंच.)

आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. मे महिना, दुपारी पारा ४५ च्या वर, म्हणून काम सकाळी सहाला अंगणात सुरू केलं. त्यांनी प्लेटी काढून वर्तमानपत्रावर क्रमानं मांडल्या, व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "प्लेटी तर मस्त आहे भाऊ, काहून बदलवल्या तुम्ही?" मग क्लच हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटी ज्या भांड्यात बसतात त्याच्या, एका बोटावरून अंगठ्याचं नख फिरवलं. "इथं पाहा, नख अडकून राहिलं."

हाउसिंगला उभी बोटं असतात आणि फ्रिक्शन प्लेटींचे (घर्षणाचा थर असलेल्या प्लेटींचे) कान त्यांच्या मधल्या खाचांत बसतात. गाडी हाणली की ते कान अ‍ॅल्युमिनियमच्या बोटांवर ठोके मारून बारीक चरे पाडतात. मग क्लच सोडताना प्लेट सरळ सरकत नाही. एका चऱ्यात अडकते, सुटते, पुढच्यात अडकते, आणि हाताला झटका लागतो. नव्या प्लेटी टाकल्या तरी त्या त्याच जुन्या चऱ्यांत जाऊन बसतात, म्हणून माझा प्लेट सेट वाया गेला होता.

मिस्त्रींनी हाउसिंग बाहेर काढून बारीक सपाट कानस घेतली. प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजू, कानस अगदी सपाट धरून, मोजून तेवढेच हात. मध्येच थांबून नख फिरवायचं. एका हाउसिंगला त्यांना दीड तास लागला, चहा धरून. चरा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर कानस न मारता हाउसिंगच बदलावं, कारण जास्त घासलं की कानांना मोकळी जागा मिळते आणि ठोके आणखी जोरात बसतात. स्टीलच्या प्लेटी काचेवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, ०.१५ ते ०.२० मिमीहून जास्त वाकल्या असतील किंवा निळ्या पडल्या असतील तर त्या गेल्या. नवी फ्रिक्शन प्लेट बसवायच्या आधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा.

परत बसवताना स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. जोर फार तर १० ते १२ न्यूटन-मीटर. त्याआधी एका गॅरेजात पोरानं टी-पाना घेऊन ते असे कसले होते की आतला खांबच तुटला, आणि बिल मात्र माझ्या नावानं फाडलं.

आता तुमच्या हार्ड स्प्रिंगा. क्लच खरोखर घसरत असेल, म्हणजे वरच्या गिअरात थ्रॉटल दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, आणि प्लेटी, तेल, प्ले सगळं नीट असेल, तरच त्यांचा उपयोग. नुसत्या फीलसाठी टाकल्या तर हात दुखेल आणि क्लच आणखी खाडकन धरेल. मी आता निम्म्या हार्ड, निम्म्या जुन्या अशा बसवल्या आहेत, समोरासमोर सारख्या, नाहीतर प्रेशर प्लेट, म्हणजे सगळ्या प्लेटींना दाबून धरणारी प्लेट, तिरपी उचलते. माझ्या हाताला हे जमलं.

हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्याकडून इंजिनवरचा क्लचचा हात, म्हणजे वायर जो दांडा ओढते तो, लांब करून घ्या, असंही कोणी सांगेल. समजा ३० मिमीचा हात ३६ केला. लिव्हरचा जोर एक-षष्ठांश कमी होतो, पण प्लेटी उचलायची उंचीही तेवढीच कमी होते. मग क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही. मी केला, पंधरा दिवसांत काढला. यूट्यूबवर दिसणारी हिन्सनची हाउसिंग, रेक्लूजचा ऑटो क्लच वगैरे परदेशी मोटोक्रॉस गाड्यांसाठी आहेत, त्यात जीव अडकवू नका.

पावसाळ्यातली एक गोष्ट राहिली. काळ्या मातीच्या पांधणीत चाक रुतलं की आपण पहिल्या गिअरात क्लच घसरवत बसतो. प्लेटी तापून फुगतात आणि लिव्हरचा प्ले वाढतो. लिव्हर सैल लागतो, गाडी क्लच दाबूनही पुढं ओढते. अशा वेळी वरचा अ‍ॅडजस्टर दोन आटे बाहेर काढायचा मोह होतो. काढा, पण पाच मिनिटं झाडाखाली थांबून गाडी गार झाली की पुन्हा आत घ्या. मी विसरलो होतो, आणि घरी येईस्तोवर क्लच घसरून जळका वास सुटला होता.

तर आधी वायर टांगून बघा. तार कुठे अडकते आणि हँडलला रायझर आहेत का, हे खाली लिहा, मग कव्हर उघडायचं की नाही ते सांगतो.