पावसात मासे सुकवतात, ते पण मीठ न लावता?

प्रश्न : काका नमस्कार, मी हर्णैची, आमचा सुक्या मासळीचा धंदा. भाचा बोटीवर कामाला आहे, त्याने फेरो बेटांचे फोटो पाठवलेत, म्हणतो इथे कधीपण पाऊस येतो तरी मोठमोठे मासे बिनमिठाचे सुकवतात. बोंबील, जवळा ठीक आहे हो, पण मोठा मासा न खारवता? थापा मारतोय का? आणि इतक्या लांब ही माणसं जगतात कशावर?

उत्तर : ताई, भाचा खरं बोलतोय. फेरो म्हणजे नॉर्वे आणि आइसलंडच्या मधली १८ बेटं, वस्ती ५४ हजारांच्या आसपास, राज्य डेन्मार्कचं पण १९४८ पासून घरचा कारभार स्वतःचा. ऊन तिथे नावालाच, मासा सुकवतो तो वारा. घराजवळ एक लाकडी खोपी असते, भिंतीच्या फळ्यांमधे फटी ठेवलेल्या, पाऊस बाहेर राहतो आणि खारा वारा आरपार जातो, त्यात मासे जोडी-जोडीने बांधून टांगायचे, मेंढीच्या तंगड्यापण तिथेच. आपल्याकडे असं केलं तर संध्याकाळपर्यंत अळ्या पडतील, पण तिकडे ऐन उन्हाळ्यातही ११-१२ डिग्री, म्हणून मासा सडत नाही, हळूहळू आंबतो आणि मग सुकतो. वासाचं विचारू नका, सुकटीच्या वासाने नाक मुरडणाऱ्या पुणेकरांना एकदा तिथे सोडायला हवं!

खारवलेला मासा होताच, पण तो विकायला. १८५६ पर्यंत व्यापार सगळा राजाच्या मक्त्यात, लोक मेंढ्यांच्या लोकरीचे मोजे विणून जगायचे. मक्ता उठला, १८७२ मधे ब्रिटनमधून शिडाची जुनी बोट विकत आणली, मग बोटी वाढतच गेल्या आणि कॉड नावाचा मोठा मासा चिरून, खारवून, उघड्यावर वाळवून पार स्पेनला जायला लागला. वाळवायचं काम कोणाचं, हे तुम्हाला सांगायला नको, बायकांचंच!

एकाच धंद्यावर सगळं असलं की काय होतं तेपण त्यांनी बघितलंय. १९९० नंतर मासळी घटली, बोटींवर कर्ज डोक्यावर, बँका बुडाल्या, हजारो लोक डेन्मार्कला गेले. आता समुद्रात पिंजऱ्यात सॅल्मन मासा पाळतात, त्यात चांगला पैसा आहे, तरी निर्यातीचा माल बघाल तर अजून नव्वद टक्क्यांच्या वर मासळीच. रस्त्यांची मात्र मजा आहे, २०२० मधे समुद्राखालून ११ किलोमीटरचा बोगदा झाला आणि त्यात आत चक्क गोल सर्कल आहे, भाच्याला म्हणावं त्याचा फोटो पाठव.