प्रार्थनेला शब्दच येत नाहीत

प्रश्न : माझे मिस्टर टेम्पो चालवायचे. दीड वर्ष डायलिसिस चाललं आणि आठ महिन्यांपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आमच्या चर्चच्या मंडळीने त्यांच्यासाठी उपास-प्रार्थना केली होती. आता त्याच मंडळीतल्या दोघीतिघी म्हणतात, "विश्वास कमी पडला, नाहीतर प्रभूने बरं केलं असतं." घरात सासूबाई आहेत, मुलगी बारावीला आहे, सोसायटीचं कर्ज आहे. गुडघे टेकते, पण शब्दच येत नाहीत. नाताळ जवळ आला की पोटात गोळा येतो. माझा विश्वास संपला का?
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम.

"विश्वास कमी पडला" हे वाक्य आधी मनातून काढून टाका. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू दोघांचंही नाव घेत नाही. ज्याने तिथे बोट दाखवलं नाही, त्याच्या नावाने आपण विधवेच्या दारात जाऊन बोट दाखवायचं? मी सदतीस वर्षं नर्स होते. किडनीच्या वॉर्डात विश्वास असणारी माणसंही गेली आणि देवाचं नाव न घेणारे बरे होऊन घरीही गेले. त्या बायका परत बोलल्या तर तुम्ही उत्तर देत बसू नका, पाळकसाहेबांच्या कानावर घाला. मंडळीला सांभाळणं हे त्यांचं काम आहे.

आता शब्द येत नाहीत, त्याबद्दल. माझे पती शाळामास्तर होते. 2006 साली शाळेतून घरी येताना मोटरसायकलचा अपघात होऊन ते गेले. तेव्हा मी ड्युटीवर होते, अंगावर गणवेश होता. त्यानंतर तीन महिने मी बायबल उघडलं नाही. लोक यायचे, वचनं सांगायचे, जायचे. एक वचनही आत उतरलं नाही.

आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या काकी होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या रोज दिवेलागणीला यायच्या. फडक्यात बाजरीच्या दोन भाकरी, वर लसणाची चटणी. बोलायच्या नाहीत. भाकर मोडून अर्धी माझ्या हातात द्यायच्या, अर्धी स्वतः खायच्या. मी खाल्ल्याशिवाय उठायच्या नाहीत. जाताना डोक्यावरचा पदर सारखा करून प्रभूची प्रार्थना म्हणायच्या, एकट्याच. मी ओठसुद्धा हलवत नसे. त्यांनी कधी "म्हण गं" म्हटलं नाही. असे कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी त्या "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" या ओळीवर आल्या आणि माझ्या तोंडून ती ओळ निघाली. तेवढीच. पुढची प्रार्थना काकींनीच पूर्ण केली. फडकं झटकलं, घडी घातली आणि गेल्या.

तीन महिने माझी प्रार्थना दुसऱ्या कुणीतरी उचलून धरली होती, हे मला फार उशिरा कळलं. मंडळी असते ती याचसाठी. म्हणून तुम्हाला विचारते, तुमच्याकडे अशी एखादी काकी आहे का? असेल तर तिला सांगा, "माझ्याजवळ बस आणि माझ्या वाटची प्रार्थना तू म्हण." हे मागायला लाज वाटू देऊ नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता मरण दे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं.

आणि रडण्याची, भांडण्याची परवानगी बायबलच देतं. 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. लाजराच्या दोघी बहिणी प्रभूला तोंडावर म्हणाल्या की आपण इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. प्रभू रागावला नाही, रडला. वधस्तंभावरून त्यानेही "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा टाहो फोडला. तोही स्तोत्रातलाच. मोकळी प्रार्थना जमत नसेल तर अशा उसन्या शब्दांनी करा. एक ओळ पुरे.

मला पंडिता रमाबाईंचा फार आधार वाटतो. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ, आणि 1882 मध्ये पती. तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. तीच मनोरमा 1921 मध्ये, चाळिशीत, आईच्या आधी गेली. रमाबाई तिच्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. पण तेवढ्या दिवसांतही केडगावला बायबलच्या भाषांतराची मुद्रितं तपासत राहिल्या. पूर्ण मराठी बायबल त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं ते 1924 मध्ये, त्या गेल्यावर. लेक गेलेल्या त्या आईला रोज सकाळी ते कागद हातात घेताना काय वाटत असेल, याचा मी अनेकदा विचार करते. माझ्या मते आशा त्या कागदांत होती, मनाच्या उभारीत असायलाच हवी असं नाही.

म्हणून तुमच्याही हाताला कागद देते. दारिद्र्यरेषेखालची नोंद असेल तर तहसील कार्यालयात राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा अर्ज करा. कमावता माणूस साठीच्या आत गेल्यास एकरकमी 20,000 रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचंही तिथेच विचारा. मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा, तरुण संघातल्या एखाद्या मुलाला सोबत न्या. सोसायटीत स्वतः जाऊन हप्ते बांधून मागा. आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलतात. औषध घेणं म्हणजे प्रभूवरचा भरवसा सोडणं नव्हे, हे नर्स म्हणून सांगते.

नाताळला गाणं जमलं नाही तर गाऊ नका. मागच्या बाकावर, दाराजवळ बसा, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर उठता येईल. लेकीला शेजारी घ्या. गीत सुरू झालं की पुस्तक तिच्यासाठी उघडून धरा, ती गाईल. आणि जानेवारीत मला पुन्हा लिहा, तिच्या अभ्यासाचं कसं चाललंय तेही कळवा.

तुमची,
ताई