जिनिंगात पहिल्यांदा लागतोयस तर

बाबू, हिंगणघाटकडच्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम लागलं म्हणतोस, बरं झालं. दसऱ्यापासून सीझन आहे, चार पैसे सुटतील. पण पहिल्याच दिवशी रोज किती ते विचारून थांबू नको. हजेरी कोण लावतो, मुकादम की कंपनी, तेही विचार. पीएफचा नंबर माग. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तिथं लागू आहे का तेही विचार; फक्त सीझनपुरत्या चालणाऱ्या जिनिंगला तो लागत नाही. लागू असला तर आपल्या पगारातून फक्त 0.75 टक्के कापतात, अन् हात मशीनमध्ये गेला की त्याच कार्डावर उपचार होतात. ओव्हरटाइम दुप्पट दरानं असतो, कायद्यातच आहे.

आता मशीन. गळ्यातला दुपट्टा गेटवरच सोडायचा. ढगळ शर्ट नको, हातात कडं नको. रोलरमध्ये सरकी अडकली की मुकादम म्हणतो, "चालू मशीनवरच काढ, दोन मिनिटांचं काम आहे." नाही काढायची. स्विच बंद, पट्टा पूर्ण थांबला, मग फिटरला हाक. माझ्या उजव्या हाताचं अर्धं बोट त्याच दोन मिनिटांत गेलं; तेव्हा माझं नाव रजिस्टरवरही नव्हतं.

रुईच्या ढिगाजवळ बिडी तर सोडच, कापसात आलेला खडा किंवा खिळासुद्धा ठिणगी पाडतो. बादल्या, आग विझवायचं नळकांडं कुठं आहे ते पाहून ठेव.

मालक कसा आहे हे ऑफिसात नाही कळत. जुन्या हमालासोबत चहा घे, मागच्या सीझनचा हिशेब पूर्ण भेटला का विचार. तो हसला तर दुसरं जिनिंग पाह्य.