पिस्तुलाचा घोडा लुळा पडलाय, कमान कुठं मिळेल?

प्रश्न: काका नमस्कार, आमचं घर हर्णैला. गणपतीच्या आधी माळा साफ करताना पेटाऱ्यातलं जुनं पिस्तूल काढलं, म्हणजे ते आहे हे माहीत होतं, दसऱ्याला पूजेला निघायचं आणि परत आत, पण नीट बघितलं यावेळीच. चकमकीचं आहे (गारेच्या ठिणगीने उडणारं), लाकूड काळं पडलंय, बाजूच्या लोखंडी पट्टीवर पुसट सिंह दिसतो. घोडा मागे ओढला तर लुळा पडतो, आतली कमान (स्प्रिंग) तुटली असावी, एक स्क्रूपण नाहीये. भाऊ मुंबईहून आलाय, तो म्हणतो चालू करून हॉलमध्ये लावू. खेडचा एक लेथवाला कमान करून देतो म्हणाला, नाहीतर अमेरिकेतून पार्ट मागवू असं भावाचं चाललंय. आई दरवर्षी खोबरेल लावते. काय करू? (एक वाचक भगिनी)

उत्तर: ताई, आधी भावाला सांगा घोडा ओढून बघायचं बंद कर. कमानीचं नंतर बघू, ते पिस्तूल ठासलेलं आहे का हे तुम्ही लिहिलेलंच नाही आणि मला तीच काळजी जास्त आहे. जुन्या घरांतली ठासणीची हत्यारं पुष्कळदा भरून ठेवलेलीच सापडतात, आणि बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. बांबूची सरळ काडी घ्या (खराट्याचा हीर नको, तो वाकतो), नळीचं तोंड माणसांकडे नाही अशा बेताने काडी आत टेकेपर्यंत हळूच सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काडी बाहेरून नळीला लावून बघा. रंजकाच्या बारीक भोकापर्यंत (नळीच्या मागच्या टोकाचं, ठिणगी आत जाते ते) पोचली तर बहुतेक रिकामं. दोनतीन बोटं अलीकडेच थांबली तर आत काहीतरी आहे, मग गज घालून उकरायचं नाही, तापवायचं नाही, कुठे न्यायचंही नाही, आहे तिथे ठेवून पोलीस स्टेशनला फोन करायचा.

आता सिंह. तो ईस्ट इंडिया कंपनीचा असू शकतो, 1808 च्या आधी कंपनीच्या हत्यारांवर बदामाच्या आकाराची खूण असायची आणि नंतर उभा सिंह आला. दापोलीला लोक अजून कॅम्प म्हणतात, तिथे कंपनीचं लष्कर आणि नंतर पेन्शनर होते, त्यामुळे हर्णैच्या पेटाऱ्यात असलं पिस्तूल निघालं तर मला नवल वाटत नाही. पण फोटो न बघता मी खात्री देणार नाही. ती पट्टी चिंच, लिंबू, पॉलिश पेपर यातल्या कशानेही घासू नका, खुणा गेल्या की ओळख गेली.

पार्टचं म्हणाल तर त्या काळात प्रत्येक कुलूप (घोडा-कमानीचा सगळा संच म्हणजे कुलूप) कारागीर हाताने कानस मारून जुळवायचा, म्हणून एकाची कमान दुसऱ्यात सहसा बसत नाही, दोन्ही दिसायला सारखी असली तरी. स्क्रूचंही तसंच, आट्यांचं प्रमाण ठरवायचं इंग्रज इंजिनिअर व्हिटवर्थने सुचवलं ते 1841 साली, त्याआधीचा प्रत्येक कारखाना आपला आपला राजा. बाजारातला स्क्रू जबरदस्तीने पिळलात तर आतल्या जुन्या आट्या फाटतील आणि मग तो दोष कायमचा.

आणि खरी गोम पुढेच आहे. आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या हत्यारांना सवलत आहे हे भावाने कुठेतरी वाचलं असेल, पण ती नुसतं जुनं आहे म्हणून मिळत नाही, दुरुस्त करूनसुद्धा ते बंदूक म्हणून चालता कामा नये अशी अट आहे. म्हणजे तुमची नळी शाबूत असेल तर आत्ताच प्रश्न आहे, आणि कमान बसवून चालू केलंत तर प्रश्नच उरला नाही, सरळ परवाना लागतो. लेथवाला बिचारा बारा वर्षं पंपाचे शाफ्ट करत असेल, पण हत्यार दुरुस्त करायला त्यालाही परवाना लागतो. अमेरिकेहून मागवलेला पार्टसुद्धा कायद्याने हत्यारातच मोजतात, आयातीला परवाना हवा, कस्टममध्ये अडकलं की सोडवायला कोण जाणार?

मी असतो तर कमान तुटलेलीच ठेवली असती. चारी बाजूंनी फोटो काढून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, तेच परवाना देतात, लेखी अर्ज करा, पोलीस स्टेशनला प्रत द्या, पोचपावती घ्या. पोलीस घेऊन जातील ही भीती मला कळते, पण न विचारता भिंतीवर लावून कुणी तक्रार केली तर ते जास्त महागात पडेल. जतनाच्या कामाचा सल्ला हवा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा. पिस्तूल पिशवीत घालून एसटीने नेऊ नका!

आईंना सांगा खोबरेल बंद. ते खवट होतं, चिकटतं, त्यावर धूळ बसते. लोखंडाला शिलाई मशीनचं तेल, तेही मऊ कपड्याला लावून, लाकडाला नाही. हाताच्या घामात मीठ असतं आणि तुमच्याकडे हवेतही आहे, म्हणून उघड्या हाताने धरू नका. पूजेला हळदकुंकू ताटात समोर ठेवा, हत्याराला ओलं लावलं की ते खाचांत बसतं आणि खाली गंज धरतो. झेंडू चालेल, पण संध्याकाळी काढून टाका.

प्रश्न: देवगडहून लिहितोय. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक, आजोबा मागच्या वर्षी गेले. वानर आंबा ठेवत नाहीत. बंदुकीची टोपी (घोडा आपटला की ठिणगी देते ती) बसते ते निप्पल झिजलंय, कुठे मिळेल?

उत्तर: निप्पल राहू दे, बंदूक कुठे आहे? आजोबांबरोबर त्यांचा परवाना संपला, बंदूक तशीच घरात ठेवता येत नाही, ती पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते, आणि वर्ष झालंय म्हणता तेव्हा आता वकिलाला विचारून लगेच जमा करा. मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करा, 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाची सोय आहे, बाकी भावंडांची ना हरकत आधीच घेऊन ठेवा. 2019 नंतर एका माणसाकडे दोनच बंदुका, वारशाने आलेली धरून. परवाना हातात आला की निप्पल परवानाधारक दुकानदारच बघून देईल, त्याआधी तो हात लावणार नाही आणि बरोबर आहे त्याचं. तोपर्यंत वानरांसाठी फटाके आणि कुत्रं.