जुनी सीएनजी गाडी घेण्यापूर्वी टाकी तपासा

आपण जालन्यात जुनी सीएनजी गाडी पाहत आहात, तर इंजिनाआधी डिकीतील टाकी पाहा. तिच्यात सुमारे 200 बार दाबाने वायू भरलेला असतो, त्यामुळे टाकी गंजलेली असेल तर गाडीची बाकीची चकाकी निरर्थक ठरते.

नवखे लोक विक्रेत्याने दाखवलेल्या टाकीच्या जलदाब चाचणीच्या प्रमाणपत्रावर विसंबतात. पण त्यावरील क्रमांक टाकीच्या मानेवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः, विजेरी घेऊन, जुळवल्याशिवाय त्या कागदाला काहीच अर्थ नाही. ही चाचणी दर 3 वर्षांनी बंधनकारक आहे. तिच्यात टाकी उतरवून, पाण्याने भरून, नेहमीच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब दिला जातो, म्हणून ती ‘पेसो’मान्य (पेसो म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) केंद्रातच होऊ शकते, कोपऱ्यावरच्या गॅरेजात नव्हे.

सुरुवातीला एवढेच पाहा:
- पट्ट्यांखालचा गंज, खोल ओरखडे, आणि विशेषतः ताजा रंग. रंगाखाली काय दडले आहे ते विचाराच.
- नोंदणी पुस्तिकेत आणि विम्यात सीएनजीची नोंद.
- जोडांवर साबणाचा फेस लावून गळती. काडी पेटवून कधीही पाहू नका.

चाचणीची मुदत संपली असेल, तर चाचणी विक्रेत्याकडूनच करून घ्या आणि तोवर इसारही देऊ नका.