वडील माजी सैनिक आहेत, त्यांचं अपंगत्व 40 टक्के आहे, घरफाळा माफ होईल का?

होईल, आणि त्या 40 टक्क्यांचा इथं काही संबंधच नाही. तुम्हाला कुणीतरी "100 टक्के अपंगत्व लागतं" म्हणून सांगितलंय ना, ते अमेरिकेतलं आहे, टेक्सासमध्ये 100 टक्के अपंग माजी सैनिकाला राहत्या घराचा टॅक्स पूर्ण माफ असतो, ते व्हॉट्सअपवर फिरत फिरत आपल्या पेठेपर्यंत आलंय. आमच्याकडं पण तेच झालेलं, आण्णा मराठा लाईट इन्फंट्रीचे, गुडघा कायमचा गेलेला, पण टक्केवारी कमी म्हणून त्यांनी बरीच वर्षं अर्जच केला नाही.

महाराष्ट्रात आधी ही माफी शौर्य पदकवाले वगैरे मोजक्याच लोकांना होती. 2020 मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या नावानं योजना आली, तेव्हापासनं सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मिळते, शहर असो नाहीतर ग्रामपंचायत. महाराष्ट्राचा रहिवासी पाहिजे आणि राज्यात एकाच घराला माफी, तसं लिहून द्यावं लागतं. दोन घरं असतील तर ज्याचा फाळा जास्त ते धरा, सरळ हिशोब आहे.

आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दाखला काढा, त्याच्याशिवाय पुढं कुणी कागद हातात घेत नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, रहिवासी दाखला, चालू बिल, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स ठेवा. मग अर्ज महापालिकेच्या घरफाळा विभागात. गावाकडचं घर असेल, म्हणजे शिरोळ गडहिंग्लजकडचं वगैरे, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं, म्हणजे आधी ज्याला ग्रामसेवक म्हणायचे.

आता खरी अडचण सांगतो. आमचं घर अजून आजोबांच्याच नावावर होतं, आजोबा जाऊन बारा वर्षं झाली तरी वारस नोंद कुणी केली नव्हती, चुलते म्हणत बघू की, घाई काय. अर्ज परत आला. चूक आमचीच. मग सगळ्यांच्या सह्या गोळा करण्यात सात महिने गेले, एक आत्या बेळगावला, तिला आणायला दोनदा गाडी काढली. तर तुम्ही आधी बिलावर नाव कुणाचं आहे ते बघा, बाकीचं नंतर.

आणि मंजुरी हातात येईपर्यंत बिल थकवू नका, महापालिकेत महिन्याला 2 टक्के दंड लागतो. पाणीपट्टी वेगळी, ती भरायचीच आहे.

वडिलांना स्वतः नेऊ नका एवढ्या जिन्यांवर, सहीचं अधिकारपत्र घेऊन तुम्हीच जावा.